घर विकून आरव्हीत राहायला निघण्यापूर्वी: घरशोधाच्या प्रवासाची तयारी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ६३ वर्षांचे आहात आणि आपल्या पत्नी ६० वर्षांच्या आहेत. न्यू जर्सीत एडिसनजवळच्या स्वतःच्या घरात आपण २७ वर्षे काढली. मुलगी सिॲटलला आणि मुलगा अटलांटाला स्थिरावला आहे, तर आई साताऱ्याला असतात. येत्या वसंतात नोकरी सोडून घर विकायचे, आरव्ही म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी घ्यायची, दोन वर्षे अमेरिका पाहायची आणि त्या फिरण्यातूनच पुढच्या आयुष्यासाठी गाव आणि घर निवडायचे, असा आपला बेत आहे. कोणती गाडी घ्यावी, घर विकावे की भाड्याने द्यावे, मधल्या काळात पत्ता कोणता दाखवावा आणि गाव कसे पारखावे, हे चार प्रश्न आपण विचारले आहेत. मी आणि माझी पत्नी साडेपाच वर्षे अशाच गाडीत राहिलो, नंतर टेनेसीत नॉक्सव्हिलजवळ घर घेतले, आणि तेव्हापासून मी जुन्या आरव्हींची खरेदीपूर्व तपासणी करून देतो. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

प्रश्नांचा क्रम मी प्रथम बदलतो. गाडीचा प्रश्न आपण पहिला लिहिला आहे, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण प्रदर्शनात जाऊन पलंगावर आडवे होऊन पाहण्यात मौज असते. परंतु देश पाहण्यासाठी फिरणे आणि घर शोधण्यासाठी फिरणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती एकाच गाडीत बसून करायची असली तरी त्यांचे वेळापत्रक एकमेकांच्या उलट असते. देश पाहणारा माणूस चांगल्या हवेच्या मागे जातो, म्हणजे जुलैत मोंटाना आणि जानेवारीत ॲरिझोना. अशा फिरण्यात प्रत्येक गाव आपल्याला कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसल्यासारखे भेटते: नटलेले, हसतमुख, घर आवरून ठेवलेले. ज्याला तिथे संसार करायचा आहे, त्याने त्या गावाला अवेळी आणि न कळवता भेटले पाहिजे. म्हणून दोन वर्षांपैकी कोणते महिने फिरण्याचे आणि कोणते शोधण्याचे, हे कागदावर आधी मांडावे. गाडीची लांबीसुद्धा त्यावरच ठरते.

आता घराविषयी. भाड्याने देऊन परतीची वाट मोकळी ठेवावी, असे बहुतेक नातेवाईक सांगतील, आणि ऐकायला ते शहाणपणाचेही वाटते. परंतु येथे कराचे एक घड्याळ चालू असते. राहते घर विकल्यावर पती-पत्नींना संयुक्त विवरणपत्रात ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर केंद्रीय कर माफ होतो, मात्र विक्रीपूर्वीच्या ५ वर्षांपैकी किमान २ वर्षे ते घर आपल्या मालकीचे आणि आपल्या राहण्याचे असावे लागते. याचा व्यवहारातील अर्थ असा, की घर सोडल्यापासून साधारण ३ वर्षांच्या आत विक्री पूर्ण झाली नाही, तर ही सवलत हातची जाते, आणि २७ वर्षांपूर्वी घेतलेल्या घरावर तो नफा किरकोळ नसणार. शिवाय भाड्याच्या काळात घेतलेल्या घसाऱ्यावरचा, म्हणजे घराच्या झिजेपोटी मिळालेल्या वजावटीवरचा, कर या सवलतीत बसत नाही. त्यात न्यू जर्सीचा कायदा भाडेकरूच्या बाजूने कडक आहे. केवळ करार संपला म्हणून त्याला निघायला सांगता येत नाही, कायद्यात नमूद केलेले कारण दाखवावे लागते. आपण वायोमिंगमध्ये तळ ठोकून बसलेले असताना एडिसनच्या भाडेकरूशी वकिलामार्फत बोलणे कसे असते, ते मी एका स्नेह्याच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. माझे मत असे आहे की घर विकावे, पण आधी नव्हे. घर हातात असताना भाड्याची आरव्ही घेऊन दोनदा तीन-तीन आठवडे राहून पाहावे, त्यातली एक खेप नोव्हेंबरात किंवा मार्चमध्ये करावी आणि मगच विक्रीची पाटी लावावी. न्यू जर्सीत ज्याला लोक ‘एक्झिट टॅक्स’ म्हणतात, तो वेगळा कर नाही. राज्य सोडून जाणाऱ्याकडून नफ्यावरच्या कराची ती आगाऊ वसुली असते, आणि राहत्या घराचा नफा माफीत बसत असेल तर योग्य घोषणापत्र भरून ती टाळता येते. विक्रीच्या वकिलाकडून ते आधीच करून घ्यावे.

पत्त्याचा प्रश्न लोक हलक्याने घेतात आणि नंतर त्यात अडकतात. पूर्ण वेळ फिरणारे बहुतेक लोक टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा यांपैकी एका राज्याचे रहिवासी होतात, कारण तिन्ही ठिकाणी राज्याचा आयकर नाही आणि तिन्हींकडे फिरस्त्यांचे टपाल सांभाळणाऱ्या संस्था आहेत. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथील एस्केपीज हा क्लब १९७८ पासून चालतो, तर साउथ डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपालसेवेचा पत्ता यांवर वाहन परवाना देण्याची पद्धत रूढ झाली. परंतु टपालसेवेचा पत्ता हा बँकेच्या दृष्टीने राहण्याचा पत्ता नसतो. बँकांच्या संगणकात असे पत्ते वेगळे ओळखले जातात आणि एखाद्या सकाळी खाते गोठवल्याचे पत्र येते. म्हणून बँकेला मुलाचा किंवा मुलीचा खरा पत्ता द्यावा आणि टपालाचा पत्ता वेगळा ठेवावा. भारतातील खात्यांचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात, तो क्रमांक प्रवासात बदलू नये, हेही येथेच सांगून ठेवतो.

आपण नागरिक असून वहिनी अद्याप ग्रीन कार्डवर आहेत, असे आपण एका ओळीत लिहिले आहे. माझ्या दृष्टीने ती ओळ पत्रातील सर्वांत महत्त्वाची आहे. नागरिक नसलेल्या व्यक्तीने पत्ता बदलल्यावर १० दिवसांच्या आत एआर-११ हा फॉर्म भरून सरकारला कळवायचे असते. नागरिकत्वाचा अर्ज करण्यापूर्वी त्या राज्यात किंवा त्या कार्यालयाच्या हद्दीत किमान ३ महिने वास्तव्य लागते, आणि बोटांचे ठसे व मुलाखत यांसाठी बोलावणे येते ते त्या पत्त्याजवळच्या कार्यालयात. चाकांवरच्या घरातून हे सर्व सांभाळणे अशक्य नाही, पण अकारण त्रासाचे आहे. वहिनी पात्र असतील तर अर्ज आताच करावा आणि शपथविधी होईपर्यंत न्यू जर्सी सोडू नये. त्यासाठी निघणे सहा महिन्यांनी लांबले तरी चालेल.

आरोग्यविम्याचे गणित आपल्या दोघांसाठी वेगळे आहे. आपल्याला मेडिकेअरसाठी, म्हणजे ६५ व्या वर्षी मिळणाऱ्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, दोन वर्षे आणि वहिनींना पाच वर्षे थांबायचे आहे. तोवर सरकारी विमा-बाजारातून (मार्केटप्लेस) घेतलेली योजना ही राज्याची, किंबहुना त्या काउंटीची असते, आणि तिच्या ठरलेल्या डॉक्टर-रुग्णालयांच्या जाळ्याबाहेर बहुधा केवळ तातडीचे उपचार मिळतात. म्हणून राज्य निवडताना आयकराच्या आधी त्या पिनकोडवर कोणत्या योजना मिळतात ते पाहावे. नोकरीतील विमा कोब्रा कायद्याखाली साधारणपणे १८ महिने स्वखर्चाने चालू ठेवता येतो. तो महाग असला तरी फिरत्या माणसाला कित्येकदा तोच परवडतो. आपण ६५ वर्षांचे व्हाल तेव्हा सरकारी मूळ मेडिकेअर आणि जोडीला पूरक विमा हीच जोडी घ्यावी, कारण मेडिकेअर स्वीकारणारा देशभरातील कोणताही डॉक्टर तिच्यावर चालतो. मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपन्या देतात त्या ॲडव्हान्टेज योजना स्वस्त दिसतात, पण त्यांतील बहुतेक स्थानिक जाळ्याशी बांधलेल्या असतात. पूरक विमा प्रकृती न विचारता देण्याची मुदत मेडिकेअरचा भाग ‘ब’ (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासून ६ महिनेच असते. ती चुकली तर बहुतेक राज्यांत विमा कंपनी प्रकृतीचा इतिहास मागू शकते.

आता गाडी. दोन माणसांना पूर्ण वेळ राहण्यासाठी मी २४ ते २८ फुटांची ‘क्लास सी’ मोटरहोम सुचवीन, म्हणजे ट्रकच्या केबिनवर पुढे आलेला माळा असतो ती. व्हॅनच्या आकाराची ‘क्लास बी’ चालवायला सोपी आणि इंधनाला हलकी, पण पावसात चार दिवस आत काढायचे झाले की एकाने उठल्याशिवाय दुसऱ्याला वळता येत नाही. बसइतकी ‘क्लास ए’ प्रशस्त असते, मात्र साठीनंतर प्रथमच चालवायला घ्यावी असे ते वाहन नव्हे. पिकअपने ओढायचा फिफ्थ व्हील ट्रेलर हा राहण्यासाठी सर्वांत चांगला असतो, हे मी मान्य करतो. महिना-महिना एका जागी राहायचे असेल तर तो विचारात घ्यावा, कारण ट्रेलर सोडून पिकअप घेऊन गावात घरे पाहता येतात. मोटरहोम घेतली तर मागे छोटी मोटार ओढत न्यावीच लागेल. २७ फुटी गाडी घेऊन वस्त्यांमधील गल्ल्यांत घरे पाहता येत नाहीत, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो.

ओढायच्या मोटारीबद्दल दोन गोष्टी. चारही चाके जमिनीवर ठेवून ओढण्याची परवानगी मोजक्याच मोटारींना असते आणि ते मोटारीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. दुसरे असे, की मोटार जोडलेली असताना मोटरहोम मागे घेता येत नाही. व्हर्जिनियात एका संध्याकाळी चुकीचे वळण घेऊन आम्ही बंद गल्लीत शिरलो. पाऊस चालू होता, मागे दोन गाड्या येऊन थांबलेल्या, आणि पत्नी छत्री टाकून विजेरी धरून उभी होती, तर मी चिखलात गुडघे टेकून ओढणदांड्याची ताणलेली पिन हातोडीने ठोकत होतो. पंचवीस मिनिटे गेली. त्यानंतर नवीन ठिकाणी जाण्यापूर्वी शेवटचा मैल आम्ही उपग्रहाच्या चित्रावर पाहून घेऊ लागलो.

नवी घ्यावी की जुनी, यावर माझे मत ठाम आहे: तीन ते पाच वर्षे वापरलेली घ्यावी. अमेरिकेतील बहुसंख्य आरव्ही इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि आसपासच्या परिसरात बनतात आणि त्या फार वेगाने बनतात. नव्या गाडीचे पहिले वर्ष कार्यशाळेच्या वाऱ्या करण्यात जाते, आणि ते वर्ष आधीच्या मालकाने काढलेले बरे. मात्र जुन्या गाडीचा एकच मोठा शत्रू असतो, तो म्हणजे पाणी. छतावरील झरोके, पंखे आणि शिडी जिथे बसवलेली असतात तिथले सीलंट उन्हाने तडकते आणि पाणी भिंतीच्या पोटात उतरते. मागच्या वर्षी एका जोडप्यासाठी मी सहा वर्षांची एक गाडी पाहिली. बाहेरून ती आरशासारखी होती आणि आत लिंबाचा सुवास दरवळत होता. पलंगावरचे कोपऱ्यातले कपाट उघडून मी तळहात आतल्या भिंतीवर दाबला, तर नव्या वॉलपेपरखालचा प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आत गेला. विक्रेत्याने पुढे बोलणे टाळले. म्हणून प्रत्येक कपाटाचा वरचा कोपरा दाबून पाहावा, स्नानगृहासमोरच्या जमिनीवर टाचेने जोर द्यावा, शिडीने वर चढून छत पाहावे, आणि गाडी घेतल्यावर वर्षातून दोनदा हे छत स्वतः तपासावे. टायरची नक्षी खोल दिसते म्हणून फसू नये. टायरवर कोरलेल्या ‘डॉट’ (DOT) खुणेपुढचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे ‘३२१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यातला आहे, आणि आरव्हीचे टायर झिजण्याआधी वयाने जातात. सहा-सात वर्षांचे टायर बदलायचे आहेत असे धरूनच किंमत ठरवावी.

वजनाचा मुद्दा मराठी घरांत विशेष महत्त्वाचा आहे, हे मी थट्टेने म्हणत नाही. दाराजवळच्या किंवा चालकाजवळच्या लेबलवर माणसे आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेले असते. त्यात पाणीही धरायचे असते, आणि ४० गॅलन पाणी म्हणजेच सुमारे ३३० पौंड होतात. निघाल्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही महामार्गावरच्या ट्रक थांब्यावरील काट्यावर गाडी चढवली, तेव्हा मागचा आस ४२० पौंडांनी जास्त भरला. पलंगाखाली पाहिले तर पंधरा वर्षांचे दिवाळी अंक, दगडी खलबत्ता, बिडाचे दोन तवे, दोन पितळी समया आणि मुलांच्या शाळेतल्या ढाली होत्या. समयांपैकी एक राहिली, बाकी सर्व त्याच गावाच्या टपाल कार्यालयातून मुलाकडे गेले. आपल्या घरातील सामान भाड्याच्या गोदामात ठेवण्याचा मोह होईल. तसे केल्यास एक वर्षाची मर्यादा ठेवावी, कारण गोदामाचे भाडे बहुधा आतल्या सोफ्याच्या किमतीला लवकरच गाठते.

स्वयंपाकघराविषयी वहिनींनी विचारलेला प्रश्न योग्य आहे: इंडक्शन शेगडी चालेल का? चालेल, पण हिशेबाने. ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने एकूण ३,६०० वॅट मिळतात. वातानुकूलन यंत्र सुमारे १,५०० घेते, विजेवरचा पाण्याचा बंब जवळजवळ तितकेच घेतो, आणि त्यात १,८०० वॅटची शेगडी पूर्ण लावली की कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला अंधार होतो. एक यंत्र बंद करून दुसरे लावणे ही काही दिवसांत सवय होते. ५० अँपिअरच्या गाडीत हा प्रश्न येत नाही. मिरचीची फोडणी मात्र बाहेरच्या टेबलावर छोट्या गॅस शेगडीवर द्यावी, कारण एवढ्याशा जागेत मोहरी तडतडण्याआधी धुराचा इशारा वाजतो. जमिनीलगत बसवलेला इशारा देणारा दुसरा घटक प्रोपेन वायूच्या गळतीसाठी असतो आणि तो वायू हवेपेक्षा जड असल्याने मुद्दाम खाली लावलेला असतो. तो कितीही वेळा खोटा वाजला तरी काढून ठेवू नये, त्यावर छापलेली मुदत संपली की बदलावा. शौचालयाच्या टाकीबद्दल एवढेच सांगतो: तिची झडप कायम उघडी ठेवू नये, नाहीतर पाणी वाहून जाते आणि उरलेले तळाशी थापले जाते. टाकी दोन-तृतीयांश भरली की आधी ती आणि मग सांडपाण्याची टाकी सोडावी, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते.

एडिसनहून दक्षिणेला निघताना पहिली परीक्षा बाल्टिमोरला होते. तिथल्या बंदराखालील दोन्ही बोगद्यांतून आरव्हीमधील प्रोपेनच्या टाक्या नेण्यास मनाई आहे. पूर्वी आम्ही फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात असू, पण २६ मार्च २०२४ रोजी एका मालवाहू जहाजाच्या धडकेने तो कोसळला. त्यामुळे आता शहराच्या पश्चिमेकडून आय-६९५ या वर्तुळाकार महामार्गाने वळसा घ्यावा लागतो, आणि साधा नकाशा हे सांगत नाही. त्याला आपल्या गाडीची उंचीही ठाऊक नसते. नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम येथे रेल्वेचा एक पूल ११ फूट ८ इंच उंचीसाठी कुप्रसिद्ध होता. २०१९ मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंच केला, तरी त्याखाली ट्रकांची छपरे सोलली जातच आहेत. छतावरच्या वातानुकूलन यंत्रासकट उंची मोजून ती चालकासमोर चिकटवावी, आणि आरव्हीसाठीचाच मार्गदर्शक नकाशा वापरावा. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब वाहनाला प्रवेशच नाही. तिथे ती ओढत आणलेली छोटी मोटार कामाला येते. आपले वय ६२ च्या पुढे असल्याने ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन पास मिळेल, त्यावर अनेक सरकारी कॅम्पग्राउंडचे भाडेही निम्मे होते. (आम्ही तो २०१७ च्या ऑगस्टपूर्वी १० डॉलरमध्ये घेतला होता आणि अजूनही प्रत्येकाला ते सांगतो.)

गाडी दोघांनाही चालवता आली पाहिजे. वहिनींना महामार्गाची भीती वाटते, असे आपण लिहिले आहे. त्यांनी रोज चालवावी असे माझे म्हणणे नाही, पण नेव्हाडाच्या ओसाड रस्त्यावर आपल्या छातीत दुखू लागले तर साठ मैल गाडी नेऊन रुग्णालयापाशी उभी करण्याइतका सराव त्यांना हवा. मोठ्या रिकाम्या वाहनतळावर दोन रविवार यासाठी पुरतात.

साताऱ्याला असलेल्या आईंचा मुद्दाही अशाच तातडीच्या प्रसंगाशी जोडलेला आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही दक्षिण यूटामध्ये असताना रात्री पावणेदोन वाजता पुण्याहून फोन आला. गाडी कुठे ठेवायची, नळ गोठू नयेत म्हणून पाणी कसे काढायचे आणि विमानतळ किती दूर, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात पहाट झाली, आणि मी पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर प्रत्येक मुक्कामी पोहोचल्यावर मी तीन ओळी लिहून फ्रिजवर लावत असे: जवळचे गाडी ठेवण्याचे ठिकाण, जवळचे रुग्णालय, आणि मुंबईला एकाच थांब्याने नेणारा विमानतळ. पासपोर्ट, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे कार्ड) आणि थोडी रोकड एका पाकिटात दाराजवळ असे. नेवार्कहून थेट मुंबईला जाण्याची सोय आपण सोडत आहात, हे नवे गाव निवडतानाही लक्षात ठेवावे. नॉक्सव्हिलहून आम्हाला आधी साडेतीन तास गाडीने अटलांटाला जावे लागते, आणि हा आमच्या निवडीतील दोष मी लपवणार नाही.

गावे पारखण्याची माझी रीत पुढीलप्रमाणे आहे. यादीत पाचपेक्षा अधिक गावे ठेवू नयेत. प्रत्येक गावात एकदा तरी पूर्ण महिना राहावे, कारण खासगी आरव्ही पार्कमध्ये महिन्याचा दर रोजच्या दराच्या मानाने बराच कमी असतो, वीज तेवढी मीटरने वेगळी मोजतात. आणि तो महिना त्या गावाचा सर्वांत वाईट महिना असावा. ॲरिझोना मनात असेल तर जुलैत जावे. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता, आणि जानेवारीत तिथे अंगणात बसून चहा घेणाऱ्याला ते खरे वाटत नाही. फ्लोरिडा ऑगस्ट-सप्टेंबरात पाहावा, डोंगराळ गावे फेब्रुवारीत.

आम्ही स्वतः ॲशव्हिलच्या प्रेमात पडलो होतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम डोंगरांतले ते गाव आम्ही दोनदा पाहिले, दोन्ही वेळा ऑक्टोबरात, पाने रंगलेली असताना. नदीजवळ एक घरही पसंत केले होते. ते आम्ही घेतले नाही ते शहाणपणामुळे नव्हे, आमच्याआधी दुसऱ्याने जास्त किंमत दिली म्हणून. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस हेलेन वादळाच्या पावसाने समुद्रापासून इतक्या दूरच्या त्या गावात नद्या घरांवर चढल्या, आणि शहराच्या नळाला पुन्हा पिण्यायोग्य पाणी यायला ५३ दिवस लागले. त्यापूर्वी कित्येक लोक हवामानाच्या संकटांपासून सुरक्षित गाव म्हणूनच तिथे राहायला गेले होते. तेव्हापासून मी घर पाहायला येणाऱ्यांना सांगतो, की दलालाशी बोलण्यापूर्वी विमा प्रतिनिधीशी बोलावे. घराचा पत्ता देऊन वार्षिक हप्ता विचारावा. तो आकडा ऐकून त्या जागेबद्दल जे कळते, ते माहितीपत्रकातून कळत नाही. साध्या गृहविम्यात पूर धरलेला नसतो, त्याची वेगळी पॉलिसी लागते, आणि सरकारी पूरविमा सामान्यतः घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो.

करांच्या बाबतीत ‘आयकर नाही’ एवढ्यावर भुलू नये. टेक्सासमध्ये ती कसर मालमत्ता करात निघते, आमच्या टेनेसीत विक्रीकरात निघते आणि तो तांदूळ-डाळीवरही लागतो. फ्लोरिडात जुन्या मालकाच्या मालमत्ता करावर वाढीची मर्यादा असते आणि घर विकले की ती गळून पडते. त्यामुळे विक्रेता भरत असलेला कर पाहून आपला अंदाज बांधला, तर पहिल्या बिलाला धक्का बसतो.

महिनाभराच्या मुक्कामात कामे ठरवून करावीत. स्थानिक डॉक्टरांच्या तीन दवाखान्यांत फोन करून मेडिकेअरवरील नव्या रुग्णाला पहिली वेळ कधीची मिळेल ते विचारावे; एका देखण्या गावात आम्हाला उत्तर मिळाले, ‘सात महिने’. रविवारी रात्री दहाला आणि सोमवारी सकाळी सातला पसंत वस्तीतून चालून यावे. वाचनालयात बसावे. वाहन बंद ठेवून एक दिवस काढून पाहावा, कारण पंचाहत्तरीनंतर तो दिवस रोजचा होतो. जवळच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला अवश्य जावे, पण त्यावर घर ठरवू नये, कारण मंडळातील आपल्या वयाचे निम्मे लोक नातवंडांमागे दुसऱ्या राज्यात जाण्याच्या विचारात असतात. हीच गोष्ट मुलांची. मुलगा अटलांटात आहे म्हणून त्याच्या शेजारी घर घेतले आणि दोन वर्षांनी त्याची नोकरी डेन्व्हरला गेली, अशी तीन कुटुंबे मी ओळखतो. मुलापासून एका दिवसाच्या अंतरावरचे, पण स्वतःच्या कारणांसाठी आवडलेले गाव अधिक टिकते.

दोन गावे उरली की आरव्ही पार्कमधला मुक्काम पुरेसा नसतो. तो बहुधा महामार्गालगत, गावाच्या कडेला असतो, आणि तिथले शेजारीही आपल्यासारखेच पाहुणे असतात. तेव्हा गाडी साठवणतळावर ठेवून त्याच वस्तीत तीन महिन्यांसाठी सुसज्ज सदनिका भाड्याने घ्यावी. खर्च वाढतो, पण दलालाचे कमिशन, नोंदणी आणि दोनदा सामान हलवणे या खर्चापुढे तो थोडाच आहे. आम्ही नॉक्सव्हिल असेच ठरवले. सदनिकेमागून मालगाडी जात असे, ती पहाटे चारला शिटी वाजवते हे आम्हाला पहिल्याच रात्री कळले, आणि घर आम्ही त्या रुळांपासून अडीच मैलांवर घेतले.

शेवटी, घर मिळाल्यावर गाडीचे काय, हे आपण विचारलेले नाही, पण घराच्या अटींत ते येते. पुष्कळ वसाहतींच्या गृहसंघटना अंगणात आरव्ही उभी करू देत नाहीत, काही ठिकाणी सामान चढवण्या-उतरवण्यापुरते एक-दोन दिवस मिळतात. गाडी ठेवायची असेल तर खरेदीच्या कराराआधी संघटनेची नियमावली मागून वाचावी, आणि बाजूला पक्की जागा व ५० अँपिअरची जोडणी असलेले घर मिळते का ते पाहावे. ठेवायची नसेल तर विक्री वसंताच्या सुरुवातीला करावी, तेव्हा गिऱ्हाईक अधिक असते. आमची आम्ही एप्रिलमध्ये विकली. घेणारे जोडपे ओहायोचे होते. मी त्यांना छतावर नेऊन सीलंट दाखवले, आणि माझ्या पत्नीने फ्रिजवरची तीन ओळींची पाटी काढून त्यांच्या हातात दिली.